घेणाऱ्याचा माणूस

गेल्या महिन्यात केतकीने, म्हणजे माझ्या लेकीने, मला हैदराबादबाहेर तेल्लापूरला फ्लॅट बघायला नेलं. बिल्डरने एसी गाडी थेट दाराशी पाठवलेली. पुढे टाय लावलेला एजंट. त्याने वाटभर मला आँटी म्हणून म्हणून गुदमरवलं. तिथे पोचल्यावर कॉफी काय, बिस्किटं काय, नमुन्याच्या फ्लॅटमध्ये फुलदाणीसुद्धा. मी त्याला विचारलं, बाबा रे, तुला पगार कोण देतं? तो हसून म्हणाला, कंपनी. मग आमच्या बाजूने बघणारा कोण, असं मी पुढे विचारल्यावर केतकीने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "आई, असं काय करतेस? एजंट आहे ना तो आपला."

आपला म्हणे. मला तिथे उभ्या उभ्या उमाजीमामांची इतकी आठवण आली की त्या कॉफीची चवच गेली.

उमाजीमामा जाऊन आता दोन वर्षं झाली. सख्खे मामा नव्हेत, नात्यातलेही नव्हेत. मूळचे उदगीरकडचे, शेतकरी घरातले. विशीत हैदराबादला आले आणि वॉटर वर्क्समध्ये व्हॉल्व्ह उघडायच्या कामाला लागले. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून पहाटे गल्लोगल्ली हिंडायचे. हिमायतनगर, नारायणगुडा, चिक्कडपल्ली, सगळीकडचं पाणी त्यांच्या हातातलं. कुठल्या घरी हौद आहे, कुणी चोरून मोटर लावली आहे, कुणाच्या घरी पाव्हणे आलेत, हे त्यांना पाण्यावरून कळायचं. मी आबिड्सच्या मोठ्या पोस्टात खिडकीवर होते. ते महिन्याला बचतीचं पुस्तक घेऊन यायचे आणि रांगेत दुसरी खिडकी मोकळी असली तरी माझ्याच खिडकीशी थांबायचे, कारण मराठीत बोलता यायचं. मी त्यांचा फॉर्म भरून द्यायची, ते मला चिक्कडपल्लीला उद्या पाणी येणार की नाही ते सांगायचे. सरकारी नोकरीतला सगळ्यात उपयोगी व्यवहार म्हणायचा तो.

रिटायर झाल्यावर त्यांनी घरांचं काम सुरू केलं. दलाल म्हटलं की त्यांना राग यायचा. शहरात दलाल रग्गड होते, विकणाऱ्याकडूनही घ्यायचे आणि घेणाऱ्याकडूनही, आणि दोघांनाही सांगायचे की तुमचाच फायदा करून देतोय. उमाजीमामा फक्त घेणाऱ्याबरोबर जायचे. विकणाऱ्याच्या घरचा चहा घ्यायचे, बाकी काही नाही. "दाखवणारे लई हायेत, सरोजताई," असं ते मला म्हणाले होते, "मी बघणारा हाय."

आणि त्यांचं बघणंही बघण्यासारखं होतं. इतर एजंट आधी हॉल दाखवतात. हे आधी घरात शिरायचेच नाहीत. वॉचमनशी तेलुगूत गप्पा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याशी दख्खनीत गप्पा, मग गच्चीवर जाऊन टाकीत डोकावणं, मग बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवून उभं राहणं. सकाळी आवडलेलं घर संध्याकाळी पुन्हा बघायचं आणि मे महिन्यात अजून एकदा. बोलायचं तर अजिबात नाही. आमचे हे, म्हणजे अजय, पहिल्याच घरात शिरताना म्हणाले, "वा, काय हवा आहे!" झालं. घरमालकाचा चेहरा खुलला आणि तिथून पुढे तो एक पै खाली उतरेना. रस्त्यावर आल्यावर उमाजीमामांनी ह्यांना समजावलं की साहेब, तारीफ करायची तर माझ्यापाशी रस्त्यात करा, त्यांच्यापाशी नको. पुढच्या घरी अजय तोंड इतकं घट्ट मिटून बसले की तिथल्या मालकीणबाईंनी ह्यांचा दात दुखतोय का म्हणून विचारलं.

ही दोन हजार नऊची गोष्ट. आम्ही चिक्कडपल्लीला भाड्याच्या पोर्शनमध्ये, म्हणजे मालकाच्या घराच्या एका भागात, अठरा वर्षं काढली होती. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याने मार्गशीर्षापर्यंत जागा सोडा म्हणून सांगितलं. आम्हा दोघांच्या नोकरीभरातली शिल्लक आणि वर बँकेचं कर्ज, एवढ्यात एकदाच घर घेता येणार होतं. चुकलं तर दुसऱ्यांदा घ्यायचं आयुष्य उरलं नव्हतं. केतकी दहावीला होती.

तेवढ्यात गणपतीत मंडळात अजयना मुकुंदराव भेटले. इथल्या मराठी माणसांत मुकुंदरावांना ओळखत नाही असा कुणी नव्हता. वॉटर वर्क्समधून मोठे इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. हिमायतनगरला त्यांच्या वडिलांच्या जागेवर अपार्टमेंट उभं राहिलं होतं आणि जमिनीच्या बदल्यात त्यांना चार फ्लॅट मिळाले होते. त्यातला एक विकायचा होता. प्रसादाचा द्रोण हातात असतानाच दोघांचं ठरलंसुद्धा. अजय घरी आले ते जणू लेकीचं लग्न जमवून आले. बाहेरच्याला देण्यापेक्षा आपल्या माणसाला देतो म्हणालेत, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

इथेच आमच्या लोकांचं चुकतं. परमुलखात राहिल्यामुळे असेल, पण मराठी बोलणारा भेटला की आम्ही डोळे मिटतो. तेलुगू माणसाकडून घेताना आम्ही चार वकिलांना कागद दाखवू. आपल्या माणसाकडून घेताना कागद मागायलाच लाज वाटते. पोहे खायचे, एकमेकांची गावं विचारायची, कोण कुणाचा साडू ते काढायचं आणि नारळ ठेवायचा. मुकुंदरावांकडे उमाजीमामांना घेऊन जाऊ या, असं मी म्हटलं तेव्हा अजय बिथरले. आपल्या माणसांत मध्ये तिसरा कशाला, त्यांना काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, मला माझ्या पैशाचं वाटतंय. शेवटी धुसफुसत का होईना, अजय तयार झाले.

उमाजीमामांना मी फक्त हिमायतनगर एवढंच सांगितलं होतं. गेटपाशी पोचलो आणि पाटीवरचं नाव वाचून ते थबकले. आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की हे माझे साहेब आहेत. बहात्तरच्या दुष्काळात मी रोजंदारीवर होतो, ह्यांनीच मला नोकरीत पक्कं केलं. माझं घर ह्यांच्यामुळे उभं राहिलं. तेव्हा तुम्हाला दुसरा माणूस न्यायचा असेल तर आत्ताच न्या, मला राग येणार नाही. अजयना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पण मला वाटलं, ज्याने हे आपण होऊन सांगितलं त्याला कशाला सोडू? मी म्हटलं, तुम्हीच चला.

मुकुंदराव तर खूश झाले. उमाजी, तू तर आपलाच, असं म्हणत त्यांनी पाठीवर थाप मारली. फ्लॅट खरोखर सुंदर होता. दुसरा मजला, पूर्वेला बाल्कनी, खाली कडुनिंब. मला स्वयंपाकघराची खिडकी इतकी आवडली की मी तिथे मनातल्या मनात बरण्या मांडल्या. उमाजीमामांनी नेहमीसारखी टाकी बघितली, भिंती बघितल्या. पाण्याला नाव ठेवायला जागा नव्हती. साहेबांच्या घरी कशी असेल? कागदही व्यवस्थित होते. बँकेच्या वकिलाने ते वाचून सगळं ठीक असा शेरा दिला. वडिलांचा वारस म्हणून एकट्या मुकुंदरावांचं नाव, आणि तिथून पुढे सगळं सरळ.

बयाणा, म्हणजे विसार, द्यायचा तो दिवस दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातला. समोर टेबलावर नारळ, पेढे आणि करारनामा. मुकुंदरावांच्या पत्नीने मला कुंकू लावलं. अजयनी पेनाचं टोपण काढलं. एवढ्यात उमाजीमामा उठले आणि त्यांनी आपला पंजा त्या कागदावर ठेवला. 

"साहेब," ते म्हणाले, "या घरची एक लेक हाय. त्रिवेणीअक्का. त्यांची सही कुठं हाय?"

 मुकुंदरावांना बहीण आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या पत्नी उठून आत गेल्या.

"तिचं लग्नात सगळं देऊन झालंय," मुकुंदराव म्हणाले. "आमच्या घरात बहिणी मागत नाहीत. तुला काय करायचंय?"

उमाजीमामा म्हणाले, मागत नसतील तर सही द्यायला त्यांना अडचण काय. तेवढी आणवा, हे लोक थांबतील. ते इतक्या नम्रपणे बोलत होते की दुसऱ्या कुणी ऐकलं तर वाटावं, रजा मागतायत.

"तुला नोकरीत कुणी लावलं, उमाजी?"

"तुम्ही, साहेब. ते मी मरेस्तोवर विसरणार नाही. पण आज मी ह्यांच्यासंगं आलोय."

"मग ह्यांच्यासंगंच जा," मुकुंदराव म्हणाले, "आणि माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."

आम्ही उठलो. पेढे तसेच राहिले. जिना उतरताना उमाजीमामा कठड्याला धरून धरून उतरले आणि रस्त्यावर येऊन डोळे पुसले. आमच्यासमोर, अगदी उघड.

बाकीची हकीकत मला पुढे त्यांच्या बायकोकडून, जयवंताबाईंकडून कळली. बहात्तरच्या उन्हाळ्यात त्याच जागेवर त्रिवेणीअक्कांचं लग्न झालं होतं. शहरात पाण्याचा ठणठणाट आणि दारात चारशे माणूस. रोजंदारीवरच्या उमाजीने दोन दिवस न झोपता टँकर आणून हौद भरला, लग्न निभावलं, आणि त्यावर खूश होऊन मुकुंदरावांनी त्याला पक्कं केलं. म्हणजे ज्या लग्नामुळे ह्या माणसाला नोकरी लागली, त्याच लग्नातली नवरी कागदावर नव्हती. वकिलाला ते कसं कळावं? कागदावर बहीण नव्हतीच. ती फक्त उमाजीमामांच्या आठवणीत होती. आई गेल्यावर भावाबहिणीचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि त्या गुलबर्ग्याहून इकडे येईनाशा झाल्या होत्या. बयाण्याच्या आदल्या दिवशी उमाजीमामा एकटेच साहेबांकडे जाऊन आले होते. हात जोडून म्हणाले होते की अक्कांची सही घ्या, मी कुणाला काही बोलत नाही. साहेबांनी त्यांना, तू गप्प बस, एवढंच सांगितलं. घरी येऊन हा माणूस जेवला नाही. जयवंताबाईंनीही त्यांना सांगितलं होतं की नक्को, बोलू नका, ज्याने भाकरी दिली त्याच्या तोंडावर कशाला बोलता. त्यावर ते म्हणाले होते, मी गप्प बसलो तर त्या पोस्टातल्या ताईंनी मला कशाला नेलं?

खोटं कशाला बोलू, तेव्हा मीही त्यांच्यावर चिडले होते. माझ्या बरण्या त्या खिडकीत बसल्या होत्या ना. अजयनी तर धुसफूस करून घर डोक्यावर घेतलं. मंडळात लोक आमच्याकडे बघून कुजबुजायचे की ह्यांनी मुकुंदरावांचा अपमान केला. एकदा मी स्वतः अजयना म्हटलं की सहीचं काय एवढं, बहीण कशाला भांडायला येतेय? आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तो फ्लॅट दोन महिन्यांत विजयवाड्याहून आलेल्या एका तरुण जोडप्याने घेतला. त्या व्यवहारात मध्ये विकणाऱ्याचाच एजंट होता. सौदा होण्याआधी उमाजीमामा त्या जोडप्याच्या तेव्हाच्या घराच्या गेटपर्यंत जाऊन सांगून आले होते, बरं का. मी त्यांचा माणूस नाही, पण जिवाला चैन पडेना, असं म्हणाले. त्या जोडप्याला वाटलं, हा दुसरा दलाल आपला सौदा मोडायला आलाय. त्यांनी वॉचमनकडून त्यांना घालवून दिलं. दोन वर्षांनी त्रिवेणीअक्कांच्या मुलांनी कोर्टात दावा लावला. ते जोडपं नंतर कितीतरी वेळा मला आबिड्सच्या बस स्टॉपवर दिसायचं, हातात फाइल, कडेवर मूल. घर विकता येईना, त्यावर कर्ज मिळेना, आणि त्यांचा एजंट म्हणे फोनच उचलत नव्हता. पहिल्यांदा त्यांना पाहिलं त्या दिवशी मी घरी येऊन अजयना सांगितलं. अजय ऐकून उठले. मग चपला घालून उमाजीमामांकडे गेले.

आम्हाला घर मिळालं ते चिक्कडपल्लीतच, मार्गशीर्ष संपता संपता. दोन खोल्या कमी, कडुनिंब नाही, बाल्कनीतून समोरच्यांचं वाळवण दिसतं. पण उमाजीमामांनी चार वेळा बघितलेलं, कागदावर ज्यांची ज्यांची सही हवी त्या नव्वदीच्या आजोबांनाही ऑटोत घालून आणलेलं. पंधरा वर्षं झाली, आम्हाला कुणी कसली नोटीस पाठवली नाही. मी ह्या घरात निर्धास्त झोपते. ही झोप काय चीज आहे, ते ज्याने कोर्टाची फाइल सांभाळली त्याला विचारावं.

मुकुंदरावांवरचा दावा सात वर्षं चालला. शेवटी बहिणीशी समेट झाला, पण फ्लॅट गेले, पैसा गेला आणि मंडळातली मानाची खुर्चीही गेली. दोन हजार अठरात एका दुपारी आमची बेल वाजली. दार उघडलं तर मुकुंदराव, काठी टेकत, दोन जिने चढून आलेले. पाणी प्यायले. बायकोला गुडघ्यांचा त्रास आहे, बरकतपुऱ्याला एक लहानसा फ्लॅट बघितलाय, लिफ्ट आहे, मुलाने अमेरिकेतून सगळं ठरवलंय, असं काय काय सांगितलं. मग विचारलं, उमाजी कुठे राहतो?

मीच त्यांना घेऊन गेले. उमाजीमामांनी तोवर काम सोडलं होतं. साहेबांना दारात पाहून ते उठायला गेले, तर मुकुंदरावांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी, त्याच खाटेवर बसले. नऊ वर्षांनी समोरासमोर आलेली दोन म्हातारी माणसं.  उमाजीमामांनी पहिलं विचारलं, ते त्रिवेणीअक्कांबद्दल. मुकुंदराव म्हणाले, बरी आहे, दिवाळीला येऊन गेली. उमाजीमामांनी डोळे मिटून मान हलवली. मला तिथे रडू आलं, मी सरळ रडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बरकतपुऱ्याला गेलो. विकणाऱ्याने मुकुंदरावांना मोठ्या मानाने बसवलं, साहेब साहेब केलं. हॉल झकास होता. उमाजीमामा वर आलेच नाहीत. अर्धा तास खाली वॉचमनजवळच्या स्टुलावर बसले, मग आवार फिरून आले. आम्ही खाली उतरलो तेव्हा त्यांनी मान हलवली.

"नक्को, साहेब."

मुकुंदरावांनी हातातली फाइल मिटली, विकणाऱ्याला नमस्कार केला आणि ते ऑटोत जाऊन बसले. एवढं आवडलेलं घर, मुलाने ठरवलेलं, आणि ह्यांनी एक शब्द विचारला नाही. उमाजीमामा ऑटोपर्यंत हळूहळू चालत येत होते, तेवढ्यात मला राहवेना. मी म्हटलं, काका, का नको म्हणाले ते तरी विचारायचं होतं.

मुकुंदराव बाहेर बघत होते. उमाजीमामांना चढायला जागा व्हावी म्हणून ते आत सरकले.

"मागच्या वेळी त्याने कारणसुद्धा सांगितलं होतं, सरोज," ते म्हणाले. "मीच ऐकलं नाही."